छतावरचं सोलर: सबसिडीची दहा वर्षं

सोलरचा विषय निघाला की गप्पा थेट सबसिडीवर येतात. माझ्या मते या दहा वर्षांतली सगळ्यांत मोठी सवलत तिथे नव्हतीच. ती होती नेट मीटरिंग. महाराष्ट्रात त्याचे नियम २०१५ साली आले. दुपारी घरी कुणी नसताना तयार झालेली वीज महावितरणकडे जाते आणि रात्री वापरलेल्या युनिटांतून वजा होते. ही सोय नसती तर बॅटरीचा खर्च आला असता, आणि मग कितीही अनुदान दिलं तरी मध्यमवर्गीय घराचं गणित जुळलं नसतं.

रोख मदतीची चाल मात्र वाकडीतिकडी. २०१९ मध्ये ३ किलोवॅटपर्यंत ४० टक्के अनुदान ठरलं. पुरवठादार ते बिलातून वजा करून उरलेले पैसे घ्यायचा. जुलै २०२२ मध्ये राष्ट्रीय पोर्टल आलं, टक्केवारी गेली आणि किलोवॅटमागे १४,५८८ रुपये असा ठोक आकडा आला. पुरवठादार निवडायची मोकळीक मिळाली, पण आधी पूर्ण रक्कम भरा, अनुदान नंतर खात्यात.

त्याच सुमारास सरकारचा दुसरा हात किंमत वाढवत होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये सोलर उपकरणांवरचा जीएसटी ५ वरून १२ टक्के झाला. एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क लागलं. स्वस्त आयात माल घ्यावा तर अनुदान नाही. त्यासाठी पॅनेलच नव्हे, आतले सेलही भारतीय हवेत, आणि ते महाग. देशी कारखानदारी उभी राहावी हे ठीक, पण अनुदानाचा एक भाग तिकडेच जिरतो, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. जीएसटी पुन्हा ५ टक्क्यांवर यायला सप्टेंबर २०२५ उजाडलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ आली, तेव्हा कुठे चित्र पालटलं. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे एकूण ७८,०००. ३ किलोवॅटची सरकारी प्रमाणित किंमत १,४५,००० धरली तर घरच्यांच्या वाट्याला ६७,००० येतात. बाजारातला दर वेगळा, तो घासाघीस करूनच कळतो. त्यापुढच्या किलोवॅटला एक पैसाही वाढत नाही.

हे सगळं स्वतःची गच्ची असणाऱ्यांचं. सोसायटीला जिन्यातले दिवे, पंप, लिफ्ट अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० मिळतात; चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं स्वतःचं लाइट बिल तेवढंच राहतं.