'इजा होणे' आणि 'विकार जडणे' : बचावकार्यातील सेवकांच्या भरपाईचा एक अमेरिकन कायदा

मराठीत इजा 'होते' आणि विकार 'जडतो'. पहिल्या क्रियापदात घटनेचा क्षण सूचित होतो. दुसऱ्यात काळाचा विस्तार आहे, आणि जडण्याचा नेमका दिवस सहसा कोणालाच सांगता येत नाही. बोलणाऱ्याच्या हा भेद ध्यानीही येत नाही. कायद्याने मात्र त्याकडे दुर्लक्ष केले म्हणजे काय घडते, याचे ठळक उदाहरण न्यूयॉर्क येथील बचावकार्यात प्रकृती गमावलेल्या सेवकांच्या भरपाईच्या इतिहासात सापडते.

११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन्ही मनोरे कोसळले. अकरा दिवसांनी, २२ सप्टेंबर रोजी, अमेरिकेच्या संघराज्य शासनाने बाधितांसाठी भरपाईचा निधी कायद्याने निर्माण केला. विमानकंपन्या दाव्यांच्या ओझ्याखाली बुडू नयेत हाही त्या कायद्याचा हेतू होता. म्हणून निधीकडे येणाऱ्याने न्यायालयात दाद मागण्याचा हक्क बव्हंशी सोडावा, अशी अट घालण्यात आली. ती आजही आहे.

भरपाईस पात्र कोण? घटनेच्या वेळी किंवा तिच्या 'लगतच्या काळात' स्थळी उपस्थित असलेली व शारीरिक इजा झालेली व्यक्ती, असे कायद्याचे म्हणणे होते. लगतचा काळ म्हणजे किती, हे नियमांनी ठरविले : सामान्य नागरिकांसाठी १२ तास आणि बचावकार्य करणाऱ्यांसाठी ९६ तास. इजेवर वैद्यकीय उपचारही साधारणतः २४ तासांच्या, काही परिस्थितीत ७२ तासांच्या आत झालेले असावेत. बचावकार्य करणाऱ्यांना याहून अधिक सवलत देणे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपविले होते. अर्जांची मुदत २२ डिसेंबर २००३ रोजी संपली.

अस्थिभंग किंवा भाजणे यांच्या बाबतीत या अटी जाचक म्हणता येणार नाहीत. परंतु ढिगारा उपसण्याचे काम मे २००२ अखेरपर्यंत चालले होते, आणि सिमेंटची भुकटी, काचतंतू व अॅस्बेस्टॉस मिसळलेली धूळ कामगारांच्या श्वासावाटे आत जात होती. धुळीने होणारी हानी तासांत मोजता येत नाही. दमा, फुप्फुसांचे विकार आणि पुढे कर्करोग दिसू लागले, तेव्हा निधीचे दार बंद झालेले होते.

ते २ जानेवारी २०११ च्या कायद्याने पुन्हा उघडले. या कायद्याला जेम्स झाड्रोगा या २००६ मध्ये मृत्यू पावलेल्या पोलीस अधिकाऱ्याचे नाव आहे. त्याच्या मृत्यूचा त्या धुळीशी संबंध होता की नाही यावर शवचिकित्सकांतच मतभेद झाला होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक गोष्ट ही, की नव्या कायद्याने 'लगतचा काळ' हा शब्दप्रयोग टाकून दिला नाही. तोच ठेवून त्याची व्याप्ती ३० मे २००२ पर्यंत नेली. शब्द तोच; अर्थ मात्र चार दिवसांवरून आठ महिन्यांहून अधिक झाला. स्थळाची कक्षाही कॅनॉल स्ट्रीटच्या दक्षिणेकडील भागापर्यंत आणि ढिगारा वाहून नेण्याच्या मार्गांपर्यंत वाढविण्यात आली.

अर्जदाराला आज कोणती वाट चालावी लागते? प्रथम संघराज्याच्या आरोग्य योजनेकडून, आपला विकार त्या घटनेशी संबंधित असल्याचे प्रमाणपत्र. ते मिळाल्यापासून साधारणतः दोन वर्षांच्या आत निधीकडे 'नोंदणी'. नोंदणी म्हणजे दावा नव्हे, आणि येथेच पुष्कळांची गल्लत होते : नोंदणीने केवळ हक्क राखला जातो, न्यायालयात जाण्याचा मार्गही खुला राहतो; 'दावा' दाखल केला म्हणजे तो मार्ग मिटतो. यानंतर उपस्थितीचा पुरावा. अग्निशामक दलातील सेवकाची नोंद त्याच्या दप्तरात असते. स्वयंसेवक म्हणून धावून गेलेल्याने कोणत्या वहीत सही केली असणार? त्याला तेथे प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तींची शपथपूर्वक निवेदने मिळवावी लागतात, आणि तीही वीस-वीस वर्षांनंतर. अशा निवेदनात 'तो तेथे होता' एवढे पुरत नाही. कोठे, केव्हा, किती दिवस, आणि हे निवेदकाला कसे ठाऊक, हे सर्व यावे लागते.

रकमेचे गणित यापुढचे. बुडालेली मिळकत आणि सोसलेल्या यातना यांची स्वतंत्र मोजणी होते. यातनांपोटी कर्करोगास सामान्यतः २,५०,००० डॉलर आणि इतर विकारांस ९०,००० डॉलर ही कमाल मर्यादा आहे. अपंगत्वाचे निवृत्तिवेतन यांसारखी अन्य शासकीय प्राप्ती त्यातून वजा होते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पैसा अपुरा पडणार असे दिसताच, निधीच्या प्रमुख रूपा भट्टाचार्य यांनी प्रलंबित दाव्यांत ५० टक्के आणि नंतरच्या दाव्यांत ७० टक्के कपात जाहीर केली. ११ जून रोजी लुईस आल्व्हारेझ या कर्करोगग्रस्त निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. त्याच महिन्याच्या २९ तारखेस त्यांचे निधन झाले. २९ जुलै रोजी मंजूर झालेल्या कायद्याने कपात भरून काढली आणि दाव्यांची मुदत १ ऑक्टोबर २०९० पर्यंत वाढविली.

एक विशेषण मात्र २००१ पासून जागचे हललेले नाही : 'शारीरिक'. ढिगाऱ्यातून देह काढणाऱ्याला जडलेल्या मनोविकारावर आरोग्य योजनेत उपचार होतात. केवळ त्या विकारापोटी निधीतून भरपाई मिळत नाही.