गॅदरिंग वर्षातून एकदा, परिपाठ मात्र रोज : शाळेत संगीत-नाटक कुठे बसवायचं?

डिसेंबर-जानेवारी आला की शाळांमध्ये गॅदरिंगची धावपळ सुरू होते. भाड्याचे कपडे येतात, स्पीकरवर सिनेमाचं गाणं लागतं आणि मुलं त्यावर नाचतात. मजा येते, यात वाद नाही. पण या सगळ्यात मुलांचा स्वतःचा आवाज किती ऐकू येतो? बुलढाणा जिल्ह्याच्या निमित्ताने हे समजून घेऊ.

बुलढाण्याकडे काय आहे?

बरंच काही. कवी ना. घ. देशपांडे याच जिल्ह्यातले. मेहकरला वकिली करता करता त्यांनी कविता लिहिल्या. त्यांची 'शीळ' ही कविता गायक जी. एन. जोशी यांनी गायली आणि तिची ध्वनिमुद्रिका घराघरांत पोहोचली. मराठी भावगीताच्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणाराजा हे संत चोखामेळा यांचं जन्मगाव मानलं जातं. सिंदखेडराजा हे जिजाऊंचं जन्मस्थान, तिथे दर १२ जानेवारीला जन्मोत्सव होतो. म्हणजे कविता, अभंग आणि पोवाड्याचा विषय, तिन्ही घरचेच!

नाटकाचा अभ्यासाला काय उपयोग?

नाटकात वाक्य नुसतं पाठ करून भागत नाही. कोण बोलतंय, कुणाशी आणि का, हे समजावंच लागतं. श्वास कुठे घ्यायचा, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा न्यायचा, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत कसं थांबायचं, हे तालमीत शिकता येतं.

दुसरा मुद्दा भाषेचा. जिल्ह्यातल्या अनेक घरांत वऱ्हाडी बोलली जाते. 'मला', 'तुला'ऐवजी 'मले', 'तुले' म्हणणाऱ्या मुलाला वर्गात टोकलं, की ते हळूहळू बोलणंच कमी करतं. त्याच मुलाला नाटकात शेतकऱ्याची किंवा आजीची भूमिका दिली, तर त्याची बोली चूक ठरत नाही. उलट संवाद जिवंत करते. प्रमाण भाषा शिकायलाच हवी, पण त्यासाठी आधी मुलाने तोंड उघडायला हवं.

सरकारी सोय काय आहे?

केंद्राचा 'कला उत्सव' २०१५पासून सुरू आहे. त्यात नववी ते बारावीचे विद्यार्थी संगीत, नृत्य, नाट्य अशा कला सादर करतात. निवड होत होत मुलं राष्ट्रीय पातळीपर्यंत जाऊ शकतात. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्येही कलेची सांगड इतर विषयांशी घालण्यावर भर आहे. दहावीला शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, लोककला, नाट्य आणि चित्रकलेसाठी अटी पूर्ण केल्यास वाढीव गुण मिळतात. त्याचे नियम शाळेत विचारून घ्या.

पैसे नसतील तर?

परिपाठ आहेच. 'गर्जा महाराष्ट्र माझा' १९ फेब्रुवारी २०२३पासून राज्यगीत झालं आणि परिपाठात आलं. त्याचे कवी राजा बढे विदर्भातले, संगीत श्रीनिवास खळे यांचं, आवाज शाहीर साबळेंचा. हे मुलांना सांगायला एक मिनिट पुरतं. मग पुढचं असं करता येईल :

• सोमवारी राज्यगीत स्पीकरविना, मुलांच्या आवाजात.
• बुधवारी एखादा अभंग किंवा आजीकडून शिकलेली ओवी, अर्थासह.
• शुक्रवारी पाठ्यपुस्तकातल्या धड्यातला पाच मिनिटांचा प्रसंग. पात्रं दर आठवड्याला बदलायची.

डफ, टाळ किंवा हार्मोनियम वाजवणारं कुणी ना कुणी बहुतेक गावांत सापडतं. भजनी मंडळाला महिन्यातून एकदा शाळेत बोलवा.

गॅदरिंगमध्ये जागा थोड्याच मुलांना मिळते, त्याही बहुधा धीट मुलांना. परिपाठ रोजचा आहे. आठवड्याला चार मुलांना संधी दिली, तर चाळीस जणांच्या वर्गात दहा आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. मागच्या बाकावरच्या, कधीच हात वर न करणाऱ्या मुलीचीसुद्धा.