सरासरीखालची माती

डिसेंबर १९९६ मध्ये दर्बनच्या किंग्जमीड मैदानावर सचिन तेंडुलकरच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाचा पहिला डाव शंभर आणि दुसरा अवघ्या ६६ धावांत आटोपला, अ‍ॅलन डोनाल्डने त्या सामन्यात नऊ गडी टिपले, आणि तेथल्या हिरव्या, उसळत्या खेळपट्टीची जी धास्ती आपल्याकडील क्रिकेटरसिकांच्या मनात तेव्हा बसली ती पुढे कित्येक वर्षे हटली नाही. त्याच मैदानावर एप्रिल २०२२ मध्ये बांगलादेशाचा डाव ५३ धावांत संपला. परंतु ह्या खेपेस दक्षिण आफ्रिकेच्या कर्णधाराने एकाही वेगवान गोलंदाजाच्या हाती चेंडू दिला नाही. केशव महाराज आणि सायमन हार्मर ह्या दोन फिरकी गोलंदाजांनी एकोणीस षटके आपसांत वाटून घेतली आणि महाराजने ३२ धावांत सात, तर हार्मरने २१ धावांत तीन बळी घेऊन काम उरकले.

दक्षिण आफ्रिकेतील देशांतर्गत क्रिकेटविषयी लिहावयाचे तर ह्या दोन डावांपासून आरंभ करणे सोयीचे पडते. कारण अमुक खेळाडू फॉर्मात आहे आणि तमुक नाही, असा निवाडा आपण ज्या सहजतेने देऊन मोकळे होतो, त्या सहजतेला तो मुलूख फारसा थारा देत नाही. धावांचा आणि बळींचा जमाखर्च वर्षअखेरीस मांडला जातो, निवड समिती तो तपशील पुढ्यात घेऊन बसते, आणि जोहान्सबर्गला काढलेल्या साठ धावा व किंबर्लीला काढलेल्या साठ धावा एकाच रकान्यात शेजारी शेजारी बसतात. वस्तुतः त्या दोहोंचे मोल एक नसते, हे तेथला शाळकरी पोरगाही जाणतो.

त्या देशाचा नकाशा समोर ठेवला म्हणजे कारण लक्षात येते. जोहान्सबर्गचे वाँडरर्स मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १७५० मीटर उंचीवर आहे आणि प्रिटोरियाजवळचे सेंच्युरियन त्याहून काहीसे खाली. ह्या पठाराला हायवेल्ड असे नाव आहे. इतक्या उंचीवर हवा सुमारे सहाव्या हिश्श्याने विरळ असल्यामुळे गोलंदाजाच्या हातून सुटलेल्या चेंडूला वाटेत अवरोध कमी होतो, तो फलंदाजापर्यंत अधिक वेगाने येऊन पोहोचतो आणि कठीण पृष्ठभागावर आपटून छातीपर्यंत उसळतो. उलटपक्षी त्याच विरळ हवेमुळे हवेतल्या हवेत वळण घेण्याची त्याची शक्ती क्षीण होते. पठारावर पाऊस उन्हाळ्यात पडतो, आणि तोही बहुधा दुपार कलल्यावर गडगडाटासह. त्यामुळे क्रिकेटचा हंगाम आणि पावसाचा हंगाम हे तेथे एकाच वेळी नांदतात. केपटाउनचा कारभार नेमका उलटा आहे. तेथे पाऊस हिवाळ्यात येतो, उन्हाळा कोरडा जातो आणि ‘केप डॉक्टर’ ह्या नावाने ओळखला जाणारा आग्नेयेचा वारा दिवसेंदिवस वाहत राहून न्यूलँड्सच्या मैदानातील ओल शोषून घेतो. दर्बनची हवा दमट. समुद्राला भरती आली की किंग्जमीडच्या खेळपट्टीत प्राण येतो अशी तेथे जुनी समजूत आहे, आणि तिला शास्त्राधार असो वा नसो, भरतीच्या वेळा पाहून धास्तावलेल्या फलंदाजांना ती खोटी वाटत नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या ईस्ट लंडनला आणि पश्चिमेकडील पार्लला चेंडू संथ व खालून येतो, तर ब्लूमफाँटेन आणि किंबर्ली ही अंतर्भागातली गावे फलंदाजांची माहेरघरे समजली जातात.

आणि ही सारी विविधता मुळात मातीच्या एका थरातून उपजते. खेळपट्टीसाठी वापरली जाणारी काळी चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळताना आकसते, आणि तिच्यात चिकणाईचे प्रमाण जितके अधिक तितकी ती रुळाखाली दगडासारखी घट्ट बसते. तिच्यावर वाढवलेले गवत हरळीच्या जातीचे. त्याची मुळे मातीला आवळून धरतात आणि पात्यांवर चेंडूची शिवण टेकली की चेंडू अवचित दिशा बदलतो. सामन्याच्या आधीच्या आठवड्यात पाणी किती दिवस आधी बंद करावयाचे, रूळ किती वेळ फिरवावयाचा, गवत किती मिलिमीटर ठेवावयाचे, एवढ्या तीनचार निर्णयांवर चार दिवसांच्या सामन्याचे भवितव्य पुष्कळसे मुक्रर होऊन जाते. पठारावर हिवाळ्यात दहिवर पडून गवत करपते. त्यामुळे हंगामाच्या तोंडी, म्हणजे ऑक्टोबरात, ते कोवळे आणि माती ओलसर असते, तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत तीच खेळपट्टी तापून तडकू लागते. एकाच मैदानावर एकाच फलंदाजाने ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये काढलेल्या शतकांतही, म्हणून, भेद करावा लागतो.

हा भेद करण्याची वेळ तेथे फार जुन्या काळापासून येत आली आहे. जहाज कंपनीचे मालक सर डोनाल्ड करी ह्यांनी दिलेल्या चषकासाठी प्रांतांची स्पर्धा १८८९-९० च्या हंगामात सुरू झाली तेव्हा सामने चटईवर, म्हणजे मॅटिंगवर, खेळले जात, आणि पुढे चाळीस वर्षे तोच शिरस्ता राहिला. चटईवर चेंडूला पकड मिळते, उसळीही मिळते; रेगी श्वार्त्स, ऑब्री फॉकनर, एर्नी व्होगलर आणि गॉर्डन व्हाइट ह्या गुगली टाकणाऱ्या चौकडीने १९०५-०६ मध्ये त्याच चटईच्या बळावर इंग्लंडला पाचपैकी चार कसोट्यांत धूळ चारली. १९१३-१४ च्या दौऱ्यात सिडनी बार्न्स ह्या इंग्रज गोलंदाजाने चार कसोट्यांत ४९ बळी मिळवून जणू त्याची परतफेड केली, आणि तो पराक्रम आजही विक्रम म्हणून दप्तरी नोंदलेला आहे. मात्र माझ्या मते त्या मालिकेतील खरा आश्चर्याचा विषय बार्न्स नसून नाताळ प्रांताचा हर्बी टेलर हा आहे. संघसहकारी एकामागून एक कोसळत असताना ह्या फलंदाजाने त्या मालिकेत ५०८ धावा काढल्या, आणि त्याच दौऱ्यात प्रांतिक सामन्यात ९१ व १०० धावा करून नाताळला पाहुण्यांविरुद्ध विजय मिळवून दिला. त्या दौऱ्यातील इंग्रजांचा तेवढाच एक पराभव. चटईवर उभे राहून मागच्या पावलावर खेळण्याची कला त्याने प्रांतिक क्रिकेटमध्येच घटवली होती. केवळ सरासरी पाहणाऱ्याला टेलर आणि त्याचे सहकारी ह्यांच्यातील अंतर दिसेल. ते अंतर कशामुळे पडले हे समजण्यासाठी चटईची माहिती असावी लागते.

गवताच्या खेळपट्ट्या आल्या त्या १९३० च्या सुमारास, आणि मग लंबक विरुद्ध टोकाला गेला. मार्च १९३९ मध्ये किंग्जमीडवर मुदतीचे बंधन नसलेली कसोटी दहा दिवस चालली. मध्ये पाऊस पडे, ओल्या खेळपट्टीवर रूळ फिरे आणि ती पुन्हा नव्यासारखी होई. ६९६ धावांचे लक्ष्य समोर असलेला इंग्लंडचा संघ पाच बाद ६५४ पर्यंत पोहोचून बोट चुकू नये म्हणून परत फिरला.

परंतु गवत आले ते कोणासाठी, हा प्रश्न विचारल्याविना हा इतिहास पुढे नेता येत नाही. वर्णभेदाच्या अमलात उत्तम खेळपट्ट्या गोऱ्यांच्या मैदानांवर होत्या. कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि भारतीय वंशाचे खेळाडू खडबडीत सार्वजनिक मैदानांवर चटई अंथरून खेळत. केपटाउनचा बेसिल डि’ऑलिव्हेरा असल्याच मैदानांवर शतकांमागून शतके काढीत असे, आणि त्या धावा अधिकृत दप्तरात कोठेच नव्हत्या. वंशभेद न मानणाऱ्या संघटनेची हावा बाउल ही स्पर्धा १९७२-७३ पासून खेळली जाई. १९९१ मध्ये ही संघटना आणि गोऱ्यांची संघटना ह्यांचे एकीकरण झाले आणि हावा बाउलच्या सामन्यांना प्रथम श्रेणीचा दर्जा नंतर बहाल करण्यात आला. कागदावर न्याय झाला खरा. पण त्या सामन्यांतील तुटपुंज्या धावसंख्या आजच्या वाचकाला दुबळ्या फलंदाजीचा पुरावा वाटतात. चेंडू कधी घोट्याशी तर कधी कपाळाशी येणाऱ्या पृष्ठभागावर चाळीस धावा काढणे म्हणजे काय, हे त्या रकान्यांत लिहिलेले नाही.

खेळाडूचा बहर आणि त्याला मिळणारी संधी ह्यांची गाठ पडेलच असे नाही, ह्याचा दाखला ट्रान्सवालच्या कुक घराण्यात एकदम दोन पिढ्यांचा मिळतो. जिमी कुक हा सलामीवीर बहिष्काराच्या काळात वाँडरर्सवर वर्षानुवर्षे धावा करीत राहिला, इंग्लंडात सॉमरसेट परगण्याकडून तीन हंगामांत साडेसात हजारांहून अधिक धावा त्याने जमवल्या, आणि कसोटीचे दार उघडले तेव्हा त्याचे वय ३९ होते. नोव्हेंबर १९९२ मध्ये किंग्जमीडवर सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर कपिलदेवने त्याला बाद केले. झेल घेणारा मुंबईचा एकोणीस वर्षांचा तेंडुलकर होता. मुलगा स्टीफन ह्याने ऑक्टोबर २००९ मध्ये लायन्स संघाकडून ईस्ट लंडनच्या संथ खेळपट्टीवर चौदा तासांच्या आसपास ठाण मांडून ३९० धावा केल्या. दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवरील प्रथम श्रेणीतील ती सर्वोच्च वैयक्तिक खेळी. तरीही पाटा खेळपट्टी, म्हणून तिच्याकडे बोट दाखवणे सोपे होते. ह्या अपवादात्मक खेळीनंतर त्याला सहा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले आणि जानेवारी २०१६ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, सेंच्युरियनच्या उसळत्या मैदानावर पहिल्याच कसोटी डावात त्याने ११५ धावा काढल्या. ईस्ट लंडनच्या ३९० मधला संयम आणि वाँडरर्सच्या मातीवर घडलेले तंत्र, दोन्ही त्या खेळीत होती; थांबायला लावणाऱ्यांनी त्यांतले एकच पाहिले होते.

पृष्ठभाग माणसाच्या फॉर्मचा कसा कस लावतो, ह्याचे जवळून दर्शन जानेवारी २०१८ मध्ये वाँडरर्सवर घडले. भारताच्या त्या दौऱ्यात अजिंक्य रहाणेला धावा होत नाहीत ह्या कारणास्तव पहिल्या दोन कसोट्यांतून वगळले होते. तिसऱ्या कसोटीत चेतेश्वर पुजाराला पहिली धाव काढण्यास ५४ चेंडू लागले, तडा गेलेल्या जागेवरून चेंडू बरगड्यांवर आणि हातांवर आदळू लागले, आणि अशा स्थितीत दुसऱ्या डावात रहाणेने ४८ धावा केल्या. अर्धशतकही नव्हे, परंतु ज्या सामन्यात चारही डावांत २५० चा पल्ला कोणी गाठला नाही, त्यात ह्या ४८ धावांचे वजन एरवीच्या शतकाइतके होते. तिसऱ्या दिवशी बुमराहचा चेंडू डीन एल्गरच्या शिरस्त्राणावर आदळला आणि खेळ थांबवावा लागला; पुढे एल्गर ८६ धावांवर नाबाद राहिला आणि भारत ६३ धावांनी जिंकला. आंतरराष्ट्रीय परिषदेने त्या खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला. सहा वर्षांनी न्यूलँड्सला ६४२ चेंडूंत कसोटी संपली तेव्हा शेरा किंचित सौम्य होता एवढेच. यजमान ५५ धावांत बाद झाले त्या सामन्यात एडन मार्करमने १०६ धावा काढल्या, हेही सांगितले पाहिजे.

आता देशांतर्गत व्यवस्थेकडे वळू. २००४ मध्ये प्रांत मोडून सहा व्यावसायिक संघ केले गेले. २०२१ मध्ये तो फेरफार रद्द होऊन पंधरा प्रांतिक संघ दोन श्रेणींत विभागले गेले. वरच्या श्रेणीत आठ संघ, म्हणजे साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला चार दिवसांचे सात सामने. त्यांतील जवळपास निम्मे घरच्या मैदानावर. म्हणजे फलंदाजाला हंगामात फार तर चौदा डाव मिळणार आणि त्यांतील सहासात एकाच मातीवर. त्यातच २०२३ पासून ऐन जानेवारीत वीस षटकांची एसए-ट्वेंटी स्पर्धा येऊन बसली असल्यामुळे चार दिवसांच्या क्रिकेटचा हंगाम मधोमध चिरला गेला आहे. इतक्या थोडक्या आधारावर फॉर्मचा निर्णय करणे हे धाडस आहे, आणि ते फेब्रुवारी २०२४ मध्ये करावे लागले: मुख्य खेळाडू त्या स्पर्धेला बांधलेले असल्यामुळे न्यूझीलंडला जो संघ गेला त्यात पदार्पण न केलेले सात जण होते आणि कर्णधार नील ब्रँड त्यांपैकीच एक. दोन्ही कसोट्या हरल्या; तथापि केपकडील डेव्हिड बेडिंगहॅमने हॅमिल्टनला शतक ठोकले आणि ऑफ-स्पिनर डेन पीटने तेथेच एका डावात पाच बळी घेतले. सात सामन्यांची शिदोरी घेऊन गेलेल्या संघाकडून ह्याहून अधिक मागणे मला तरी न्यायाचे वाटत नाही.

हार्मरचे उदाहरण ह्याच्या अगदी उलट आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये नागपूरच्या जामठा मैदानावर, जेथे दक्षिण आफ्रिकेचा डाव ७९ धावांत कोसळला आणि जिच्यावरही परिषदेचा ‘निकृष्ट’ शेरा बसला अशा खेळपट्टीवर, त्याने पहिल्या डावात चार बळी घेतले, आणि त्यानंतर त्याला संघाबाहेर केले गेले. वेगवान गोलंदाजांच्या देशात ऑफ-स्पिनरला दुय्यम स्थान असते. मग त्याने इंग्लंडात एसेक्सची नोकरी धरली, थंड आणि ओलसर मैदानांवर वर्षानुवर्षे लांब लांब हप्ते टाकले, आणि परत येऊन टायटन्सच्या सेंच्युरियनवर, म्हणजे फिरकीला सर्वांत कमी साथ देणाऱ्या जागी, पुन्हा बळी मिळवू लागला. २०२२ च्या किंग्जमीडवर तो उतरला तेव्हा आधीच्या कसोटीला सहा वर्षे उलटून गेली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो भारतात आला. कोलकात्याला चेंडू पहिल्या दिवसापासून वेडावाकडा वळत होता, गुवाहाटीला दक्षिण आफ्रिकेने ४८९ धावा उभारल्या; दोन्ही ठिकाणी मिळून हार्मरने १७ बळी घेतले, मालिका २-० अशी जिंकली गेली, आणि मालिकावीर ठरलेला हा गोलंदाज तेव्हा ३६ वर्षांचा होता.