ट्रॅक्टरची शक्ती वाढविण्याचे दोन उपाय

भारी काळ्या जमिनीत पलटी नांगर ओढताना ट्रॅक्टर दमू लागला, की त्याची शक्ती वाढवून देणारा कोणी ना कोणी भेटतोच. हे उपाय संगणक-नियंत्रित कॉमन रेल इंजिनापुरतेच आहेत. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून कडक उत्सर्जन-मानके लागू झाल्यावर अशी इंजिने शेतावर दिसू लागली. यांत्रिक पंपाच्या जुन्या ट्रॅक्टरला पेटी विकू पाहणाऱ्यास बांधावरूनच परत पाठवावे.

ट्यूनिंग पेटी ही इंधनदाबाचा सेन्सर व संगणक यांच्यामध्ये जोडतात. दाब आहे त्याहून कमी असल्याचे ती भासविते. संगणक तो वाढवितो व सिलिंडरमध्ये जादा डिझेल जाते. पेटी काढून ठेवता येते, हा तिचा गुण. परंतु खरा दाब किती चढला, हे संगणकास कळत नाही.

रीमॅपमध्ये संगणकातील मूळ कोष्टकेच बदलतात. इंधन, फवारणीची वेळ व टर्बोचा दाब यांचा मेळ राखता येत असल्याने जाणकाराने केलेला रीमॅप पेटीहून सरस होय. मूळ कोष्टकांची प्रत मात्र आधी जपून ठेवावी.

तथापि मोटारगाडीला जोर क्षणभर लागतो, नांगरटीत तो तासन्‌तास लागतो. वाढलेली उष्णता पिस्टन व टर्बोस, वाढलेला ओढ क्लच व गिअरपेटीस सोसावा लागतो. आणि कारखान्याची हमी गेल्यास दुरुस्तीचा खर्च कर्जाच्या हप्त्यावर चढतो. म्हणून प्रथम हवेची गाळणी साफ करावी, नांगराची खोली तपासावी आणि चाके घसरत असल्यास मागे वजन लावावे.