भिंतीला छिद्र पाडण्यापूर्वी...

नव्या घरात सामान लागले की पहिल्याच रविवारी भिंतींना छिद्रे पाडण्याचा कार्यक्रम सुरू होतो. पडद्यांचे दांडे, घड्याळ, पुस्तकांची फळी, टीव्हीचा स्टँड अशी यादी तयार असते. एकेकाळी या कामासाठी छन्नी-हातोडी घेऊन कारागीर बसे आणि भोकात लाकडी गुट्टी ठोकून त्यात स्क्रू पिळे. पुढे विजेवर चालणारे, पिस्तुलाच्या आकाराचे ड्रिल आले. अमेरिकेत त्याचे पेटंट १९१७ साली मिळाले. जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ साली नायलॉनची गिट्टी तयार केली. या दोन साधनांनी अर्ध्या तासाचे काम मिनिटावर आणले. मात्र त्या वेगात भिंतीच्या आत काय दडले आहे, हा विचार मागे पडतो आणि अपघात तिथेच घडतात.

भिंत कशाची आहे?

शहरी इमारतींत भिंत साधारणपणे तीन प्रकारची आढळते: विटांची, हलक्या एएसी ब्लॉकची किंवा काँक्रीटची. रंग दिल्यावर तिन्ही सारख्याच दिसतात. खरी ओळख पटते ती ड्रिलमधून पडणाऱ्या भुकटीवरून. गिलाव्याची करडी भुकटी संपून लाल भुकटी पडू लागली, तर आत वीट आहे. ड्रिल सहज आत शिरले आणि पिठासारखी पांढुरकी भुकटी पडली, तर एएसी ब्लॉक समजावा. ड्रिल पुढे सरकेनासे झाले आणि भुकटी करडीच राहिली, तर ते काँक्रीट असते. भुकटीत धातूचे चमकदार कण दिसले, तर सळई लागली आहे. तेथे जोर न लावता लगेच थांबावे.

काँक्रीटचे खांब आणि तुळया इमारतीचे वजन पेलतात. खांबातील मुख्य सळयांवर किमान ४० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण असावे, असे आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगते. हे आवरण सळयांचे गंजण्यापासून रक्षण करते. त्यात पडलेल्या खोल, उघड्या छिद्रातून ओल सळईपर्यंत पोहोचते. गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीटला तडे जातात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हे अधिक वेगाने होते. म्हणून खांब-तुळयांत छिद्रे शक्यतो टाळावीत आणि नको असलेली छिद्रे सिमेंटने बुजवावीत.

वीज आणि पाणी

भिंतीत गाडलेल्या वायर बहुधा स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली गेलेल्या असतात. दोन बोर्ड एकाच पातळीवर असतील, तर आडव्या रेषेतही असू शकतात. नळ, शॉवर आणि गीझर यांच्या वरच्या-खालच्या पट्ट्यात पाण्याचे पाइप असतात. या पट्ट्यांत ड्रिल चालवू नये. जुन्या घरात दुरुस्त्या झाल्या असतील, तर या नियमावरही विसंबता येत नाही. शंका असल्यास त्या खोलीचा वीजपुरवठा एमसीबीवरून बंद करावा आणि ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन बोर्डाने वीज घ्यावी. साधा टेस्टर गाडलेली वायर शोधू शकत नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. एमसीबी वायरिंगचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. विजेची गळती ओळखून क्षणार्धात पुरवठा तोडण्याचे काम आरसीसीबी करतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असावा आणि त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

गिट्टी गिलाव्यात नको

घरातील आतल्या बाजूचा गिलावा सुमारे १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यामुळे २५ मिलिमीटरची गिट्टी निम्मी गिलाव्यातच अडकते. घड्याळाला ती पुरते, फळीला नाही. एक मीटर लांबीच्या फळीवर पुस्तकांचे वजन पंचवीस-तीस किलो सहज होते आणि ते वरच्या स्क्रूला बाहेर ओढत राहते. अशी फळी काही महिन्यांनी अचानक कोसळते, आणि तिच्याखाली बहुधा पलंग किंवा मुलांचे टेबल असते.

म्हणून जड वस्तूसाठी संपूर्ण गिट्टी विटेत बसेल इतके खोल छिद्र घ्यावे. गिट्टी ८ मिलिमीटरची असेल, तर बिटही ८ चेच हवे. हवी ती खोली मोजून बिटवर चिकटपट्टीची खूण करावी, छिद्रातील भुकटी फुंकणीने काढावी आणि मगच गिट्टी ठोकावी. एएसी ब्लॉकमध्ये हॅमरचा वापर टाळावा आणि त्यासाठीच मिळणाऱ्या खास गिट्ट्या वापराव्यात. टाइलवर आधी चिकटपट्टी लावून हॅमरशिवाय, मंद गतीने सुरुवात करावी. टाइल भेदल्यावरच हॅमर सुरू करावा.

डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क हवाच, कारण विटा-काँक्रीटच्या धुळीतील सिलिका फुफ्फुसांना घातक असते. सैल बाह्या, ओढणी आणि मोकळे केस फिरत्या बिटपासून दूर ठेवावेत. बिट बदलताना प्लग काढलेला असावा.

घराचे नूतनीकरण करताना आणखी एक गोष्ट आवर्जून करावी. गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीवर मोजपट्टी धरून वायर आणि पाइपांची छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे दहा वर्षांनी कोणी ड्रिल हाती घेईल, तेव्हा भिंतीच्या आत काय आहे, हे ती छायाचित्रेच सांगतील.