दोन मोठी नावं, सोळाच गुण

१८ ऑक्टोबर २०१४, शनिवार. लक्ष्मीपूजन पाच दिवसांवर आलं होतं आणि नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर नवी मुंबईकर पहिल्यांदाच स्वतःचा म्हणता येईल असा व्यावसायिक फुटबॉल संघ पाहत होते. इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम, मुंबई सिटी एफसीचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना आणि समोर पुण्याचा संघ. ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झने तीन गोल केले. मुंबई ५-० अशी जिंकली. दिवाळी पाच दिवस आधीच आली, असं वाटायला लावणारी ती संध्याकाळ होती.

त्या हंगामात मुंबईने १४ सामन्यांत मिळून १२ गोल केले. त्यांतले पाच त्या एका संध्याकाळचे. उरलेल्या तेरा सामन्यांत सात. आठ संघांत मुंबई सातवी आली, १६ गुणांवर.

प्रशिक्षक होते पीटर रीड. १९८६च्या विश्वचषकात मॅराडोनाने निम्म्या इंग्लंड संघाला चकवून जो गोल केला, तेव्हा मागे पडलेल्या इंग्लिश खेळाडूंपैकी एक हे रीड. पुढे संडरलंड हा क्लब त्यांनी सात वर्षं सांभाळला. म्हणजे माणूस जाणता होता, कसलेला होता. पण लीग १२ ऑक्टोबरला सुरू झाली आणि २० डिसेंबरला संपली. एकमेकांचं खेळणं कधी न पाहिलेले भारतीय आणि परदेशी खेळाडू गोळा करायचे, त्यांना काही आठवड्यांत संघ म्हणून उभं करायचं आणि दोन-सव्वादोन महिन्यांत सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं. अशा कामाला संडरलंडचा अनुभव किती पुरणार?

क्लबने दुसऱ्या वर्षी उत्तर शोधलं ते आणखी मोठ्या नावात. आर्सेनल, रेआल माद्रिद, चेल्सी असा प्रवास केलेला फ्रान्सचा निकोला अनेल्का आदल्या वर्षी संघात खेळलाच होता. २०१५ मध्ये त्यालाच खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही टोप्या दिल्या. लिलावात सुनील छेत्रीवर १ कोटी २० लाख रुपये लावले. छेत्रीने ती किंमत वसूलही करून दिली: २८ ऑक्टोबरला नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध त्याने नेरुळला तीन गोल केले, इंडियन सुपर लीगमधली भारतीय खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच गोव्यात फातोर्ड्याला हाच संघ ०-७ असा हरला. हंगामाअखेर गुण किती? पुन्हा १६. स्थान सहावं.

दोन वर्षं, दोन मोठी नावं आणि गुण तेवढेच. मला या आकड्याचं महत्त्व फार वाटतं. प्रशिक्षक बदलला, पण त्याला जे काम करायचं होतं त्याची आखणी बदलली नाही. संघ कसा खेळणार हे क्लबने ठरवलं नव्हतं. ते येणाऱ्या माणसावर सोडलं होतं.

इंग्लंडात ज्याला मॅनेजर म्हणतात तो आपल्याकडे मुख्य प्रशिक्षक. खेळाडू कुठले घ्यायचे, कुणाला बसवायचं, चेंडू मागून पास देत पुढे न्यायचा की लांब फटका मारायचा, हे सगळं त्याच्याकडे येतं. संघ हरू लागला की क्लबच्या हातात सर्वांत सोपा उपाय उरतो तो त्याला बदलण्याचा, कारण पंचवीस खेळाडू बदलण्यापेक्षा एक माणूस बदलणं स्वस्त पडतं. बदलल्यावर चार सामने बरे जातात आणि निर्णय बरोबर होता असं सगळ्यांना वाटतं. बास तेर वील या डच अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्सच्या लीगमधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या हंगामांचा अभ्यास करून हा समज तपासला. तसेच घसरलेले, पण प्रशिक्षक न बदललेले संघही जवळपास तेवढेच सावरतात, असं त्याला आढळलं. ताप उतरायच्या दिवशी जो डॉक्टर दारात असतो, श्रेय त्याला मिळतं.

२०१६ मध्ये क्लब नेरुळहून अंधेरीला गेला. कोस्टारिकाला २००२ आणि २००६ अशा दोन विश्वचषकांत घेऊन गेलेले अलेक्झांड्रे गिमारास प्रशिक्षक झाले, दिएगो फोर्लान खेळायला आला आणि साखळीत मुंबई चक्क पहिली आली. उपांत्य फेरीत कोलकात्याने हरवलं, पण वाट सापडली असं वाटलं. फोर्लान गेला, संघ बराच बदलला आणि पुढच्या हंगामात त्याच गिमारास यांच्या हाताखाली मुंबई दहा संघांत सातवी. नंतर पोर्तुगालचे जोर्जे कोस्टा आले. पोर्टोने २००४ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हाचे ते कर्णधार. त्यांनी संघाला तिसरं स्थान दिलं, मग पाचवं. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं; मुंबईच्या प्रेक्षकांनी त्यांची आठवण ठेवावी इतकं त्यांनी नक्कीच केलं.

खरा बदल मैदानाबाहेर झाला. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. या समूहाचे क्लब मँचेस्टरपासून मेलबर्नपर्यंत पसरलेले, पण खेळण्याची रीत एक: गोलरक्षकापासून छोट्या पासांनी चेंडू पुढे न्यायचा आणि तो गेला की प्रतिस्पर्ध्याच्या बाजूच्या अर्ध्या मैदानातच परत मिळवायचा. म्हणजे प्रशिक्षक शोधायच्या आधी कामाचं वर्णन तयार होतं.

त्या वर्णनात बसणारा माणूस शेजारीच होता. सर्जिओ लोबेरा बार्सिलोनात तितो विलानोवा यांचे सहायक होते आणि गोव्याच्या संघाला त्यांनी देशातला सर्वांत देखणा फुटबॉल शिकवला होता. २०२०च्या सुरुवातीला, संघ गुणतक्त्यात वर असताना, गोव्याने त्यांना दूर केलं. मुंबईने त्यांना आणलं आणि त्यांच्यापाठोपाठ जाहू, बुमूस, मुर्तदा फॉल, मंदार राव देसाई हे गोव्याचे चार आधारही आले. नवा प्रशिक्षक आपली रीत शिकवायला एक हंगाम घेतो. इथे ती रीत पाठ असलेले चार जण पहिल्याच दिवशी मैदानावर होते. १३ मार्च २०२१ रोजी अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मुंबई २-१ ने विजेती झाली. साखळीतल्या अव्वल संघाची लीग शील्ड त्याआधीच हाती आली होती.

लोबेरांनंतर डेस बकिंगहॅम आले आणि क्लबचा कस त्यांच्या पहिल्या वर्षी लागला. मेलबर्न सिटीत सहायक असलेला छत्तिशीतला इंग्लिश माणूस, नाव कुणाला ठाऊक नाही. संघ पाचवा आला, बाद फेरीही हुकली. गतविजेत्या क्लबला राग यायला एवढं पुरे होतं. तरी एप्रिल २०२२ मध्ये याच संघाने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला विजय. क्लबने धीर धरला. पुढच्या हंगामात बकिंगहॅमच्या संघाने सलग १८ सामने अपराजित राहून २० सामन्यांत ४६ गुण मिळवले. रीड आणि अनेल्का यांच्या दोन हंगामांची बेरीज यापेक्षा चौदा गुणांनी कमी भरते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई सिटी एका संध्याकाळसाठी नेरुळला परतली. समोर सौदी अरेबियाचा अल हिलाल होता. त्यांचा नेमार जखमी असल्याने आला नाही. मुंबई ०-२ ने हरली, पण ताठ मानेने खेळली. त्यानंतर दहा-बारा दिवसांत बकिंगहॅम ऑक्सफर्ड युनायटेडला गेले. हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक जाणं म्हणजे एरवी घर कोसळणंच. इथे मेलबर्न सिटीतूनच पेत्र क्रात्की आले, तीच रीत पुढे चालू राहिली आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून मुंबईने चषक जिंकला. त्या अंतिम सामन्यातही एक गोल बिपिन सिंगचा होता.

हे पैशाचं काम आहे, असं कुणी म्हणेल तर त्यात बरंच तथ्य आहे. शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये सिटी समूहाने मुंबईतली मालकी सोडली. पैसा येतो तसा जातो. म्हणून पैसा नसलेल्या क्लबची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते आणि तीही याच महानगरातली आहे.

कूपरेजवर खेळणारा मुंबई एफसी हा इंडियन सुपर लीगच्या आधीपासून चालत आलेल्या आय-लीगमधला छोट्या ऐपतीचा संघ. २००९ पासून सात हंगाम खालिद जमील त्याचे प्रशिक्षक होते. झळाळते करंडक त्यांनी आणले नाहीत. मात्र एकदाही संघाला खालच्या श्रेणीत जाऊ दिलं नाही. बचाव घट्ट ठेवायचा, एक-एक गुण वेचायचा आणि मुंबईतल्या पोरांवर विश्वास टाकायचा, हे त्यांचं काम. असं काम गुणतक्त्यात दिसत नाही. संघ तळाला नाही, इतकंच तक्ता सांगतो. २०१६ मध्ये ते आणि क्लब वेगळे झाले.

जमील मिझोरामला गेले. आयझॉल एफसी आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरला होता आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणूनच त्याला पुन्हा जागा मिळाली होती. जमील यांच्याबरोबर मुंबई एफसीचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता गेले. जे लोबेरांनी पुढे कोट्यवधी रुपयांच्या संघात केलं, तेच जमील यांनी इथे दोन मुंबईकर पोरांवर केलं: आपली भाषा समजणारे खेळाडू आधी हवेत. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला १-१ अशी बरोबरी साधून आयझॉल मोहन बागानच्या एका गुणाने पुढे राहिला आणि ईशान्य भारतातला कुठलाही क्लब पहिल्यांदाच देशाचा विजेता झाला.

क्लबच्या समितीवर बसलेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे. उमेदवाराला त्याच्या विजयांबद्दल विचारू नका. ओळीने तीन सामने हरल्यावर चौथ्यात त्याने काय बदललं, ते विचारा. मधल्या फळीतल्या कुठल्या अनोळखी पोराला त्याने उभं केलं, ते विचारा. आणि त्याला बोलावण्याआधी, पाचव्या पराभवानंतरही आपण त्याच्या पाठीशी राहू का, हे स्वतःला विचारा. उत्तर नाही असेल तर जो आहे त्यालाच राहू द्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. तेरा वर्षांनी ही जागा एका भारतीयाकडे आली. त्यांच्याविना मुंबई एफसीने २०१६-१७चा हंगाम खेळला, मध्येच प्रशिक्षकही बदलला. संघ दहा संघांत दहावा आला आणि खालच्या श्रेणीत गेला. तो पुन्हा वर आला नाही.