जिताडा घेतो ती परीक्षा

पनवेलची खाडी आणि करंजाची खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात जासई आहे. दि. बा. पाटलांचे गाव आणि १९८४च्या जानेवारीतले शेतकरी आंदोलन ही त्याची महाराष्ट्राला असलेली ओळख. या पट्ट्यातल्या खाजणांत, तिवरांच्या मुळांशी आणि खारबंदिस्तीच्या उघाड्यांपाशी जिताडा दबा धरून असतो. ओहोटीला पाणी उघाडीतून बाहेर पडू लागले की कोळंबी आणि बोईट त्या धारेसोबत येतात, आणि जिताडा जबडा उघडून त्यांना पाण्यासकट आत ओढतो.

रायगडात या माशाची कीर्ती पानातली. त्याची पिल्ले तळ्यात सोडायची, वर्षानुवर्षे वाढवायची आणि मानाच्या पाहुण्यासाठी बाहेर काढायची. हाच मासा ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून गळ टाकणाऱ्यांचा लाडका आहे. शास्त्रीय नाव लेट्स कॅल्करिफर. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी मादी होतात, त्यामुळे फार मोठा जिताडा बहुधा मादीच असतो.

स्पिनिंग रील आणि घडीचा रॉड तपासायला याच्याइतका कडक परीक्षक खाडीत दुसरा क्वचितच मिळेल. जिताडा लांब पळत नाही. गळ लागताच तो मुळांकडे झेपावतो, मग पाण्याबाहेर उसळून डोके झटकतो. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते आणि तंगूस तिच्यावर घासली की कापली जाते. म्हणून मुख्य दोरीच्या टोकाला हातभर जाड तंगूस जोडावीच लागते.

रीलची कूळकथा कापड गिरणीची आहे. आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ हे इंग्लंडमधले कापड-उद्योजक. स्थिर बॉबिनच्या टोकावरून सूत सरसर सुटते, ही गिरणीतली रोजची गोष्ट त्यांनी गळाच्या दोरीला लावली आणि १९०५मध्ये स्थिर फिरकीच्या रीलचे पेटंट घेतले. फेकताना फिरकी फिरत नाही, दोरी नुसती तिच्यावरून सुटते. म्हणून हलके आमिषही लांब जाते.

फिरकी फिरते ती मासा ओढू लागल्यावर, आणि तेव्हा तिला आवरतो ड्रॅग, म्हणजे एकावर एक दाबलेल्या चकत्यांचे घर्षण. डब्यावर छापलेल्या ‘कमाल ड्रॅग’च्या आकड्याला माझ्या मते फार भुलू नये. खरा प्रश्न असा की थांबलेली फिरकी पहिल्या हिसक्याला अडखळते का. अडखळली तर त्या क्षणी ताण नेमलेल्या आकड्याच्या वर उसळतो आणि दोरी तिथेच तुटते. तपासणी सोपी आहे. रॉड वाकवून दोरी स्प्रिंगच्या काट्याला बांधायची, हळू ओढायची आणि काटा थरथरतो का ते पाहायचे. ताण दोरीच्या तुटण्याच्या मर्यादेच्या पाव ते तृतीयांश ठेवण्याची पद्धत आहे.

त्याला कारणही आहे. दोरी सुटत जाते तशी फिरकीवरच्या गुंडाळीची त्रिज्या घटते आणि चकत्यांना हात न लावता ताण वाढतो. त्रिज्या अडीच सेंटिमीटर असताना ४ किलो असलेला ताण ती दोनवर आल्यावर ५ किलो होतो. शिवाय उष्णता. ४ किलोच्या ताणावर कुप्याने, म्हणजे ट्यूनाने, १०० मीटर दोरी नेली, तर चकत्यांत साधारण ४ हजार ज्यूल उष्णता तयार होते. इतक्यात अडीच चमचे पाणी उकळीला येईल. ही परीक्षा खोल समुद्रातला कुपाच घेऊ शकतो, खाडीतला जिताडा नाही. सुरमई दोरीचे टोक दातांनी तपासते, तिथे तारच हवी. तांबोशी पहिल्या दोन सेकंदांत दगडाखाली शिरते आणि रॉडच्या बुडाचा जोर पाहते.

सात फुटी रॉडचे चार तुकडे केले की एकेक तुकडा जेमतेम पावणेदोन-दोन फुटांचा होतो आणि खांद्यावरच्या पिशवीत बसतो. नाजूक जागा म्हणजे सांधे. वारंवार फेकल्याने ते हळूहळू फिरतात आणि सैल होतात, आणि सैल सांध्यावर जोर आला तर बाहेरची नळी उभी चिरते. कड्या एका रेषेत आहेत ना, हे दर थोड्या वेळाने डोळ्यांनी पाहावे. मासा जवळ आला की रॉड उभा धरण्याचा मोह होतो. तसे केले की सगळा भार शेंड्यावर येतो आणि महागातला कार्बनही मोडतो.

खाडीची आणखी एक चाचणी कारखान्यातल्या टेबलावर होत नाही. इथले पाणी नुसते खारट नाही, गाळानेही भरलेले आहे. दोरीला वळण देणाऱ्या छोट्या रोलरमध्ये ती माती शिरते, मीठ सुकते आणि रोलर अडतो. मग फिरण्याऐवजी दोरी त्याच्यावर घासत राहते. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून रीलवर गोड्या पाण्याची मंद धार सोडावी. बादलीत बुडवू नये, पाणी आतल्या दात्यांपर्यंत जाते. रील सुकली की ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावा, नाहीतर चकत्या दबून राहतात आणि पुढच्या खेपेला अडखळतात.